राखेचे थर, दातांच्या रेषा : पूर्व आफ्रिकेतले आठ दिवस

पहिला दिवस : नैरोबी

विदर्भातल्या एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, आणि मानवाच्या उत्क्रांतीचे प्रकरण आले की दर वर्षी फळ्यावर तेच चित्र काढले : डावीकडे चार पायांवरचा वानर, उजवीकडे ताठ चालणारा माणूस आणि मधे हळूहळू उठत जाणारे तीन-चार जीव. ही रांग खरी नाही, हे मी तोंडाने सांगत असे. परंतु मुलांच्या वहीत उतरायचे ते चित्रच. ज्या थरांतून हे सगळे ज्ञान वर आले ते थर एकदा डोळ्यांनी पाहावेत, असे निवृत्तीनंतर मनाने घेतले, आणि गेल्या जुलैत धाकट्या बहिणीला घेऊन मी नैरोबीला उतरले. बहीण सरकारी आरोग्य सेवेत परिचारिका होती आणि तिच्या नोकरीची बरीच वर्षे गडचिरोली जिल्ह्यात गेली. नैरोबीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. राहण्याची, गाडीची आणि परवानग्यांची सगळी व्यवस्था तिने केली होती.

जुलैतले नैरोबी थंड आणि ढगाळ असते. सकाळीच आम्ही राष्ट्रीय संग्रहालयात गेलो आणि मानवाच्या उगमाच्या दालनातून दुपारपर्यंत बाहेर पडलो नाही. तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला नारिओकोटोमे येथे १९८४ साली सापडलेला मुलाचा सांगाडा येथे आहे. होमो इरेक्टस या प्राचीन, ताठ चालणाऱ्या मानवजातीच्या गटातला हा मुलगा सुमारे १५ ते १६ लाख वर्षांपूर्वी गेला. काळ्या लाव्हाच्या खड्यांत पडलेला, काड्यापेटीएवढा कवटीचा तुकडा कामोया किमेउ यांच्या नजरेस पडला आणि तिथून हा जवळजवळ संपूर्ण सांगाडा बाहेर आला. किमेउ हे लुई आणि मेरी लीकी या जीवाश्म-संशोधक दांपत्याच्या उत्खननावर मजूर म्हणून कामाला लागलेले कांबा समाजाचे गृहस्थ. पुढे जीवाश्म शोधणाऱ्या पथकाचे ते प्रमुख झाले, १९८५ मध्ये त्यांना नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचे पदक अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळाले, आणि २०२२ मध्ये ते वारले. आमचे चालकही कांबा समाजाचेच. सांगाड्यापुढे ते हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. किमेउंचे नाव त्यांना शाळेपासून ठाऊक होते, पण ही हाडे त्यांनी आजच प्रथम पाहिली.

मुलाचे वय हा मोठा प्रश्न आहे. त्याची उंची सुमारे १६० सेंटिमीटर, म्हणजे आजच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलापेक्षाही थोडी अधिकच. परंतु दातांच्या सूक्ष्म रचनेवरून काढलेले वय आठ वर्षांच्या आसपास येते. म्हणजे तो आपल्या मुलांपेक्षा पुष्कळ भराभर वाढत होता. दीर्घ बालपण, ज्यात मूल वर्षानुवर्षे इतरांच्या हातचे खाते आणि शिकत राहते, ते त्याला आपल्याइतके मिळालेले नव्हते. मी वहीत ‘आठ वर्षे’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

माझे फळ्यावरचे चित्र पुसून टाकणाऱ्या दोन कवट्याही या संग्रहातल्याच. एक १९६९ मध्ये सापडलेल्या पॅरॅन्थ्रोपस बॉइसीची, म्हणजे मानवकुळातल्या एका नामशेष जातीची, डोक्यावर हाडाचा उभा कंगोरा आणि रुंद गालफडे असलेली. दुसरी १९७५ मध्ये बर्नार्ड एन्जेनेओ यांना सापडलेली होमो इरेक्टसची. दोन्ही तुर्काना सरोवराच्या पूर्वेच्या कूबी फोरा येथल्या, आणि दोन्ही साधारणपणे एकाच काळातल्या. एका काळात मानवकुळातली एकच जाती असू शकते, कारण हत्यारे आणि संस्कृती असलेल्या दोन जातींना एकच जागा पुरणार नाही, असे तोपर्यंत काही अभ्यासक आग्रहाने मांडत होते. या दोन कवट्या शेजारी ठेवल्यावर तो आग्रह टिकला नाही.

बहिणीने विचारले, “ताई, या हाडांतून डीएनए काढता येत नाही का?” प्रश्न अगदी योग्य होता. युरोप आणि सायबेरियातल्या थंड गुहांमुळे निअँडरथल मानवाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचता आला, आणि त्या कामासाठी स्वांते पेबो यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु उष्ण प्रदेशात डीएनए लवकर तुटतो, आणि आफ्रिकेत आजवर वाचलेला माणसाचा प्राचीन डीएनए वीस हजार वर्षांच्या आतलाच आहे. त्यामुळे पूर्व आफ्रिकेत जनुकांचा पुरावा मुख्यतः आज जगणाऱ्या माणसांच्या रक्तात शोधावा लागतो आणि लाखो वर्षांपूर्वीचे हाडांत, दगडांत व मातीत. हे पुरावे एकमेकांशी बोलतात कसे, हेच मला पाहायचे होते.

दुसरा दिवस : ओलोर्गेसाइली

एन्गाँग टेकड्या ओलांडल्या की रस्ता खचदरीत उतरू लागतो आणि अर्ध्या तासात हवा पालटते. वरची थंडी आणि हिरवळ मागे राहते, अंगावरचे स्वेटर निघतात आणि दोन्ही बाजूंना बाभळीची खुरटी झाडे सुरू होतात. मगाडी सरोवराकडे जाणाऱ्या या रस्त्यावर, नैरोबीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, ओलोर्गेसाइली आहे. येथे पूर्वी तळे होते. आता डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांनी बनलेला पांढरा, हाताला खडूसारखा लागणारा गाळ ऊन परतवत पसरलेला दिसतो.

लुई आणि मेरी लीकी यांना १९४२ मध्ये येथे हातकुऱ्हाडींचा प्रचंड साठा आढळला. त्यांनी त्यातला एक भाग जसाच्या तसा राहू दिला आणि आज त्याच्यावर लाकडी पूल बांधलेला आहे. त्या पुलावर उभे राहून खाली पाहताना मला काही वेळ बोलवेना. थेंबाच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंनी घडवलेल्या शेकडो हातकुऱ्हाडी तिथे पडून आहेत, आणि बहुतेकींचा दगड शेजारच्या डोंगरातला लाव्हा आहे, आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या नात्यातला. नेवाशाला प्रवरेच्या काठी डॉ. हसमुख सांकलिया यांना मिळालेल्या पुराश्मयुगीन हत्यारांची चित्रे मी विद्यार्थ्यांना दाखवत असे. त्यांतल्या हातकुऱ्हाडींत आणि इथल्यांत मला ओळखीचाच घाट दिसला. हजारो किलोमीटर आणि लाखो वर्षांच्या अंतरात हाताने तोच आकार धरून ठेवावा, याला काय म्हणावे? हा चिवटपणा कौशल्याचा की नवे न सुचण्याचा, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. मला स्वतःला वाटते की जे अवजार खांडते, सोलते आणि खणतेही, ते टाकून देण्याचे कारण दहा लाख वर्षे पडलेच नसावे.

ते कारण पुढे पडले, आणि या जागेचे खरे मोल तिथेच आहे. येथे सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीपासून ५ लाख वर्षांपूर्वीपर्यंत हातकुऱ्हाडी मिळतात. त्यानंतरचे थर झिजून वाहून गेले आहेत. सुमारे ३ लाख २० हजार वर्षांपूर्वी थर पुन्हा सुरू होतात, तेव्हा सगळे बदललेले असते. हत्यारे लहान व नेटकी होतात, गाभ्याचा दगड आधी तयार करून त्यातून हव्या त्या आकाराचे छिलके काढलेले दिसतात, काही टोकदार पाती दांड्याला बसवण्याजोगी असतात. लाल आणि काळ्या रंगाचे दगड मिळतात, आणि लाल गेरूचा एक तुकडा तर मुद्दाम छिद्र पाडायला घेतलेला आहे. शिवाय काचेसारखा काळा ज्वालामुखी दगड, ऑब्सिडियन, येतो २५ ते ५० किलोमीटरवरून आणि कधी त्याहूनही लांबून. आधीच्या लोकांचा बहुतेक दगड पाच किलोमीटरच्या आतला होता. कोरड्या, खडकाळ मुलखातून इतक्या लांबचा दगड नियमित येतो तेव्हा वाटेतल्या अनोळखी टोळ्यांशी काही देवघेव, काही सलोखा असला पाहिजे, असा निष्कर्ष रिक पॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडला. मला तो पटतो. हाडांत मैत्री उमटत नाही; दगडाने कापलेल्या अंतरात मात्र ती थोडीफार वाचता येते.

हा बदल का झाला याचे उत्तर शेजारच्या कूरा खोऱ्यात जमिनीत शिरून शोधावे लागले. तेथे छिद्र पाडून १३९ मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला गेला आणि त्यात सुमारे दहा लाख वर्षांची नोंद मिळाली. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीपर्यंत येथील पाणी आणि गवत बऱ्यापैकी भरवशाचे होते. त्यानंतर भूकवचाच्या हालचालींनी मोठे खोरे लहान लहान खोऱ्यांत तुटले, पाणी कधी मुबलक आणि कधी नाहीसे होऊ लागले, आणि गवतावर जगणारे अवाढव्य प्राणी जाऊन त्यांच्या जागी लहान अंगाचे प्राणी आले. दुष्काळ एकदाच येऊन गेला असता तर लोक मेले असते किंवा निघून गेले असते. परंतु केव्हा काय होईल याचा नेम नसतो तेव्हा दूरचे सोयरे आणि हलकी, पालटता येणारी हत्यारे कामाला येतात. कोरडवाहू शेतीच्या गावात वाढलेल्या मला हे फार समजावून सांगावे लागले नाही.

पुलाजवळ चालकांनी एक छिलका उचलला, अंगठा धारेवरून फिरवला आणि जिथून घेतला होता तिथेच, त्याच बाजूने, परत ठेवला.

तिसरा दिवस : अंबोसेली

दिवसभराचा प्रवास आणि संध्याकाळच्या दोन तासांची भटकंती. ढग बाजूला झाले तेव्हा सीमेपलीकडचा किलिमांजारो पाच मिनिटे दिसला. आम्ही आलो होतो बबून माकडांसाठी.

जीन आणि स्टुअर्ट ऑल्टमन यांनी १९७१ मध्ये येथे सुरू केलेला बबूनांचा अभ्यास आजही चालू आहे. प्रत्येक प्राणी चेहऱ्याने ओळखायचा, जन्मापासून मरणापर्यंत त्याची नोंद ठेवायची, आणि लक्ष वेधून घेणाऱ्या भांडणांकडे ओढले न जाता, ठरवलेल्या प्राण्याकडे ठरवलेला वेळ पाहायचे, ही शिस्त जीन ऑल्टमन यांनी १९७४ च्या एका लेखात घालून दिली. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे जगभरचे लोक आज तीच पाळतात. या नोंदींतून असे निघाले की ज्या माद्यांचे इतरांशी संबंध दाट असतात, ज्या अधिक वेळ एकमेकींजवळ बसतात आणि एकमेकींचे अंग साफ करतात, त्यांची पिल्ले अधिक जगतात, मग त्या मादीचा कळपातला दर्जा काही का असेना. गाडीपासून वीस पावलांवर दोन माद्या तेच करत बसल्या होत्या. एक डोळे मिटून, दुसरी तिच्या खांद्याचे केस बोटांनी विंचरत.

अंबोसेलीत दुसरेही काही चालले आहे. येथले मूळचे बबून पिवळे. पण शेजारून अनुबिस जातीचे बबून येतात, दोघांची संतती होते, आणि ती दिसायला व वागायला चांगली धडधाकट असते. तरीही २०२२ मध्ये त्यांचे जीनोम वाचले तेव्हा जनुकांनी गजबजलेल्या भागांत परक्या वंशाचा अंश कमी आढळला. नैसर्गिक निवड तो भाग पिढ्यानपिढ्या हळूहळू गाळत होती. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे आपल्यातही, निअँडरथल वंशाचा एक ते दोन टक्के अंश आहे, आणि तो अगदी याच पद्धतीने गाळला गेलेला दिसतो. निअँडरथल आणि आपले पूर्वज एकत्र कसे वागले हे कोणालाही पाहता येणार नाही. बबूनांचा संकर मात्र डोळ्यांसमोर चाललेला आहे, आणि बाहेरून निरोगी दिसणाऱ्या संकरातही जनुकांच्या पातळीवर किंमत मोजली जाते हे त्याने दाखवले.

चौथा दिवस : नामांगा ते कराटू

सीमेवर दोन तास गेले. टांझानियात चालक बदलले. नवे चालक तरुण होते, त्यांनी आम्हा दोघींना ‘शिकामू’ असे म्हटले. हे वडीलधाऱ्यांना करायचे अभिवादन, आणि त्याला ‘मराहाबा’ असे उत्तर द्यायचे असते. पुढे ते आम्हाला ‘मामा’ म्हणू लागले. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे कळल्यावर बहिणीला फार बरे वाटले.

मन्यारा सरोवराजवळ म्तो वा म्बू नावाचे गाव लागते. त्या नावाचा अर्थ डासांची नदी. येथे चहाला थांबलो तेव्हा बहिणीने सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, विषय काढला. गडचिरोलीत तिने तपासणी शिबिरांत हजारो बोटे टोचली होती, दोन्ही पालक वाहक असलेल्या घरांत सांधे धरून रडणारी मुले पाहिली होती, आणि इतका जीवघेणा दोष पिढ्यानपिढ्या टिकून कसा राहिला, हा प्रश्न तिला नोकरीत कोणी समजावला नव्हता.

त्याचे उत्तर याच प्रदेशात मिळाले. केनियात वाढलेले अँथनी ॲलिसन हे १९४९ मध्ये विद्यार्थिदशेत रक्ताचे नमुने घेत फिरत होते. किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी सिकलसेलचे वाहक पुष्कळ, तर उंच कोरड्या भागात फारच थोडे, हे त्यांच्या ध्यानात आले; आणि हिवतापाचा नकाशाही तसाच होता. १९५४ मध्ये त्यांनी पुराव्यासह मांडले की सिकलसेलचे एकच जनुक असणाऱ्या मुलाला जीवघेण्या हिवतापापासून संरक्षण मिळते. दोन जनुके आली तर आजार, एकही नसेल तर हिवतापाची भीती, आणि एक असेल तर दोहोंतून बचाव. जिथे डास तिथे ते जनुक टिकणारच. नैसर्गिक निवड माणसात काम करताना पकडल्याचे हे पहिले भक्कम उदाहरण आहे. त्यात मला मोलाचे वाटते ते हे की रक्ताची तपासणी एकटी काही सांगत नव्हती. नकाशा, पाऊस, डास आणि रक्त एकत्र ठेवल्यावर अर्थ उमटला. बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्या आयांनी काही वाईट केलं नव्हतं. त्यांच्या आधीच्यांना त्यानंच जगवलं होतं.” गावात या आजाराला शाप समजणारे लोक तिने पाहिले होते.

पाचवा दिवस : ओल्डुवाई

एन्गोरोंगोरोच्या कड्यावर पहाटे दाट धुके होते. ते विरल्यावर खाली विवर दिसले, सुमारे वीस किलोमीटर रुंद, पाखरांसारखे ठिपके झालेल्या जनावरांसकट. इथल्या डोंगररांगेतल्या ज्वालामुखींची राख उडून पश्चिमेला थरांवर थर साचली नसती, तर ओल्डुवाईच्या घळीतले काही उरले नसते. राखेने हाडे झाकली आणि तिच्यातल्या पोटॅशियमने त्यांचे वय सांगितले.

घळीच्या फाट्यावर दोन प्रचंड कवट्यांचे शिल्प आहे, एक पॅरॅन्थ्रोपस बॉइसीची आणि एक होमो हॅबिलिसची. पुन्हा दोन जाती, पुन्हा शेजारी. ओल्डुवाई हा ‘ओल्डुपाई’चा अपभ्रंश असून मासाई लोक रानात वाढणाऱ्या घायपातासारख्या एका वनस्पतीला ओल्डुपाई म्हणतात. घळभर तिची टोकदार पाने उभी आहेत. घळ सुमारे नव्वद मीटर खोल आहे, आणि तिच्या भिंती पुस्तकाच्या कडेसारख्या दिसतात : तळाशी काळा बेसाल्ट, त्यावर राखाडी थर, मधे विटकरी लाल थर आणि वर पिवळट. तळापासून माथ्यापर्यंत नजर नेली की जवळजवळ वीस लाख वर्षे ओलांडली जातात.

वाटाड्यांबरोबर आम्ही खाली उतरलो. १७ जुलै १९५९ रोजी लुई लीकी तापाने तंबूत पडून होते आणि मेरी लीकी एकट्याच कुत्र्यांना घेऊन पाहणीला निघाल्या. उतारावर त्यांना वरच्या जबड्याचे दोन दात दिसले. पुढे शेकडो तुकडे जुळवून जी कवटी उभी राहिली तिला तेव्हा झिन्जॅन्थ्रोपस म्हटले, आज तिला पॅरॅन्थ्रोपस बॉइसी म्हणतात. त्या जागी एक साधा दगडी फलक आहे. लुई यांनी तिचे वय सहा लाख वर्षे धरले होते. १९६१ मध्ये राखेची पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे पोटॅशियमपासून ठरावीक गतीने बनणारा आर्गॉन वायू मोजून, तपासणी झाली आणि आकडा १७ लाख ५० हजारांवर गेला. अलीकडच्या अधिक अचूक मोजणीत तो सुमारे १८ लाख ४० हजार आहे.

या कवटीच्या दाढा रुपयाच्या नाण्याएवढ्या रुंद असल्यामुळे तिच्या मालकाला ‘अक्रोडफोड्या’ म्हटले जाई. मीही वर्गात तेच सांगत असे. पण दाढांवर कठीण बी फोडल्याच्या खाचा सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनात. मग दातांच्या पापुद्र्यातला कार्बन तपासला गेला. ज्वारी, ऊस, मका आणि उष्ण प्रदेशातली गवते कार्बन एका रीतीने पकडतात, झाडे, झुडपे व त्यांची फळे दुसऱ्या रीतीने, आणि खाणाऱ्याच्या दातांत तो फरक कायमचा राहतो. बॉइसीचे तीन चतुर्थांशांहून अधिक अन्न पहिल्या प्रकारचे, म्हणजे गवत आणि लव्हाळ्याच्या वर्गातले निघाले. एवढे दणकट जबडे अक्रोड फोडायला नव्हे, दिवसभर रवंथासारखे चावत बसायला होते. हाडाचा आकार पाहून वागण्याविषयी जे इतक्या खात्रीने बोलले गेले, ते दातातल्या रसायनाने खोडून काढले. शिकवणाऱ्याने हे उदाहरण कधी विसरू नये.

हत्यारे कोणाची, हाही प्रश्न तसाच फिरला. आधी ती या कवटीवाल्याची मानली गेली. १९६० मध्ये जवळच मोठ्या मेंदूच्या एका मुलाची हाडे सापडली, आणि १९६४ मध्ये त्याला होमो हॅबिलिस, म्हणजे कुशल मानव, हे नाव मिळाले. त्याच ठिकाणच्या जनावरांच्या हाडांवर दगडाच्या धारेचे ओरखडे आहेत आणि हिंस्र प्राण्यांच्या दातांचेही. आधी कोण आले, सिंह की माणूस, यावर चाळीस वर्षे वाद झाला. मांसल हाडांच्या मध्यभागी इतके ओरखडे आहेत की भरपूर मांस असतानाच हे लोक तिथे पोचत असावेत, याकडे माझा कल आहे. २०२५ मध्ये याच घळीतून १५ लाख वर्षांपूर्वीची, हत्ती आणि पाणघोड्याच्या हाडांपासून घडवलेली २७ हत्यारे प्रसिद्ध झाली. घळ अजून बोलायची थांबलेली नाही.

परतताना एका मासाई घरी दुधाचा चहा मिळाला. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता मासाईंत ज्या जनुकीय बदलामुळे आहे तो युरोपातल्यापेक्षा वेगळा आहे, हे सारा टिशकॉफ यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. भारतात जो आढळतो तो मात्र युरोपातलाच. एकाच पेल्यातला चहा आम्ही आणि त्या घरची आजी दोन निरनिराळ्या वारशांनी पचवत होतो.

सहावा दिवस : लाएटोली

रस्ता वाईट, टायर एकदा पंक्चर झाला, आणि ओल्डुवाईच्या दक्षिणेला पंचेचाळीस किलोमीटरवरच्या या जागी पोचलो तेव्हा पाहायला दगडांनी झाकलेला एक लांबट उंचवटा होता. पावलांचे ठसे त्याच्याखाली आहेत. पूर्वी ते मातीने झाकले होते, तर त्या मातीत बाभळी उगवल्या आणि मुळे ठशांत शिरली. म्हणून १९९५-९६ मध्ये टांझानिया सरकार आणि गेटी संस्थेने झाडे काढून, ठसे साफ करून, ते पुन्हा नीट पुरले. झाकून ठेवणे हीच येथे जपणूक आहे. मला याची खंत वाटली नाही. ओल्डुवाईच्या संग्रहालयात साचा पाहिला होता आणि त्यावरून डोळ्यांपुढे सगळे होते.

३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीची बारीक राख पडली, वर थोडा पाऊस झाला, ओल्या राखेवरून प्राणी चालले, आणि ती सिमेंटसारखी कठीण झाली. पावसाच्या थेंबांचे खड्डेसुद्धा राहिले. १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या पथकातल्या पॉल अबेल यांना टाचेचा ठसा दिसला आणि सुमारे सत्तावीस मीटरची वाट उघडी झाली. अंगठा इतर बोटांच्या ओळीत, टाच आधी टेकलेली, तळव्याला कमान. चालणारे बहुधा ऑस्ट्रेलोपिथेकस अफारेन्सिस या मानवकुळातल्या जुन्या जातीचे. त्यांचा मेंदू आपल्या एक तृतीयांशाएवढा, आणि आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी दगडी हत्यारे, पश्चिम तुर्कानातल्या लोमेक्वीची, ३३ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे या ठशांनंतरची. आधी पाय माणसाचे झाले, मेंदू पुष्कळ नंतर.

एकाच्या पावलांत पाऊल टाकत दुसरा चालला आहे आणि शेजारी एक लहान आहे. त्यावरून नवरा, बायको आणि मूल अशी चित्रे काढली जातात. मला ती आवडत नाहीत. आकाराने लहान असणारा मूल असेल, मादी असेल. ते एकाच वेळी चालले की तासाभराच्या अंतराने, हेही राख सांगत नाही. शिवाय २०२१ मध्ये जवळच्याच ठशांचा फेरतपास झाला. पूर्वी अस्वलाचे म्हणून बाजूला ठेवलेले ते ठसे दोन पायांवर चालणाऱ्या, पण निराळ्या ठेवणीच्या पायाचे निघाले. इतक्या जुन्या काळीही एकाच राखेवरून बहुधा दोन प्रकारचे मानवकुळी चालत होते.

सातवा दिवस : एयासी सरोवर

हाद्झा लोकांकडे जावे की नाही, यावर आम्ही दोघी आदल्या रात्री बोललो होतो. त्यांची संख्या हजाराच्या थोडी वर, जमीन सतत आक्रसत चाललेली, आणि शिकार व कंदमुळांवर मुख्यतः जगणारे त्यांतले थोडेच. पर्यटक त्यांना ‘अश्मयुगातली माणसे’ म्हणून पाहायला जातात. हे म्हणणे चुकीचे आणि अपमानकारक आहे. ते आपल्याइतकेच आजचे आहेत; त्यांच्यामागेही आपल्याइतकीच वर्षे आहेत. तरीही शेतीवाचून माणूस कसा जगू शकतो याचे जे मोजमाप झाले ते त्यांच्या सहकार्यामुळे झाले. म्हणून त्यांच्यातल्याच दुभाष्याकडून आधी परवानगी घेऊन, कॅमेरा न काढता, आम्ही एक सकाळ गेलो.

जिभेने टक्-टक् असे ध्वनी काढणारी त्यांची भाषा दुसऱ्या कोणत्याही भाषेच्या कुळात बसवता आलेली नाही. गोरखचिंचेखाली एक वृद्ध बाई फळांतला पांढरा गर कुटत होती. अशा बायांनी क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक मोठा विचार दिला. कठीण जमिनीतून कंद खणणे लहान मुलाला जमत नाही. आईला नवे बाळ झाले की तिचे खणणे कमी होते, आणि त्या वेळी वाढत्या नातवंडाचे वजन आजीच्या खणण्यावर अवलंबून राहते. मासिक पाळी थांबल्यावर बाईने इतकी वर्षे का जगावे, याचे एक उत्तर यात आहे. आजीचे हात असतील तर आई लवकर दुसरे मूल वाढवू शकते आणि पहिल्याला सावकाश मोठे होऊ देता येते.

हर्मन पॉन्टझर यांनी २०१२ मध्ये तीस हाद्झांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा तो, शरीराच्या आकाराचा हिशेब धरल्यावर, खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांएवढाच निघाला. शरीर खर्चाचा ताळेबंद आतल्या आत जुळवते, असा त्याचा अर्थ लावला जातो. बहिणीला हे पटेना; रोज इतके चालणाऱ्यांची भूक तिने गडचिरोलीत पाहिली होती. मोजणी मोजणीच्या जागी आणि तिचा अनुभव त्याच्या जागी राहू दिला.

निघताना एका तरुणाने शीळ घातली. मध दाखवणारा पक्षी त्या शिळेला उत्तर देतो, पोळ्यापाशी नेतो, माणसे धूर करून मध काढतात आणि पक्ष्याला मेण मिळते. मोझांबिकमधले याओ लोक त्याच जातीच्या पक्ष्याला निराळ्या आवाजाने बोलावतात, आणि पक्षी आपापल्या भागातलीच हाक अधिक मानतात, असे २०२३ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. त्या दिवशी पक्षी आला नाही.

आठवा दिवस : पुन्हा नैरोबी

विमान रात्रीचे होते. संग्रहालय बंद व्हायला तास उरला असताना आम्ही धावत तुर्कानाच्या मुलापाशी गेलो. या वेळी मी फक्त त्याचा जबडा पाहिला. दुधाची दाढ पडलेल्या जागी हाड सुजल्याच्या खुणा आहेत. बहिणीने परिचारिकेच्या नजरेने वाकून पाहिले आणि म्हणाली, हे दुखले असणार. आदल्या दिवशी गोरखचिंचेखाली आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आजीच्या हातून गर घेऊन खात होता, आणि त्याला मोठे व्हायला अजून दहा वर्षे होती. या आठ वर्षांच्या मुलाची वाढ मात्र बरीचशी संपत आली होती. या दोघांमधल्या १५ लाख वर्षांत बालपण केव्हा लांबले, हे कवटीच्या आकाराने कळणार नाही. दाताच्या पापुद्र्यात रोज एक बारीक रेघ जमते, झाडाच्या खोडात वर्षाचे वलय जमते तशी, आणि ती लाखो वर्षे राहते. जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधक सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघा एकेक करून मोजत आहेत.